पाटीवरचं नाव: न्यूझीलंडमध्ये बारच्या नोकरीत आलेल्या नव्या मंडळींसाठी

वर्षातून दोन-तीनदा तरी मला असा फोन येतो, बहुतेक रविवारी सकाळी. आवाज खाली गेलेला. "दादा, काल रात्री पोलिसांनी धरलं." मग नोकरीचं काय, व्हिसाचं काय आणि शेवटी, गावाकडे कळेल का? फोन मलाच येतो, कारण माझंही हे होऊन गेलंय आणि मी ते लपवत नाही. ऑकलंडमध्ये ड्युटी मॅनेजर होतो. शटर ओढल्यावर स्टाफबरोबर बसलो, "दोनच तर घेतल्यात" म्हणत गाडी काढली आणि पुढच्याच वळणावर निळे-लाल दिवे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्याकडे परमिट रूमचं लायसन्स मालकाचं असतं आणि मॅनेजर कोण, हे गल्ल्याशी भांडण झाल्यावरच कळतं. इथे बारला लायसन्स वेगळं आणि मॅनेजर म्हणून तुम्हाला सर्टिफिकेट वेगळं. २०१२ च्या कायद्याप्रमाणे दारू विकली जात असेल तोवर जबाबदार मॅनेजर जागेवर हवा आणि त्याचं नाव गिऱ्हाइकाला दिसेल अशा पाटीवर हवं. हे सर्टिफिकेट माणसाचं असल्याने नोकरी बदलली तरी तुमच्याबरोबर येतं. अर्थात त्याच्यावरचा डागही येतो. पहिलं सर्टिफिकेट एक वर्षाचं, पुढे दर तीन वर्षांनी नूतनीकरण.

आता आकडे. वीस वर्षांवरच्या माणसाला श्वासात लिटरमागे २५० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. त्याच्यावर ४०० पर्यंत २०० डॉलरचा दंड आणि ५० डिमेरिट पॉइंट (ड्रायव्हिंग लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण), पण कोर्ट नाही. ४०० च्या वर गेलात की फौजदारी गुन्हा: पहिल्या-दुसऱ्या वेळी ४,५०० डॉलरपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि साधारण सहा महिने तरी गाडी बंद. ८०० च्या पुढे असेल किंवा पाच वर्षांत दुसऱ्यांदा सापडलात, तर गाडीला इंटरलॉक बसतो, म्हणजे फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. माझा आकडा ५०० च्या थोडा वर होता. मशीनवर तो उमटताना मी बघत होतो. गिऱ्हाइकाला किती पाजायची आणि कुठे थांबायचं हे मी स्टाफला रोज शिकवायचो, आणि स्वतःचा हिशेब इतका चुकला.

कोर्टात पहिल्या तारखेला ड्युटी लॉयर फुकट मिळतो. त्याला "शिक्षेची नोंद न करता सोडा" असा अर्ज करता येईल का ते जरूर विचारा, पण त्यावर घर बांधू नका. नोंदीचे परिणाम गुन्ह्याच्या मानाने अगदीच अवाजवी आहेत हे न्यायाधीशाला पटावं लागतं, आणि नुसतं "माझी नोकरी जाईल" एवढ्याने ते सहसा पटत नाही. बार चालवणाऱ्याच्या तोंडून तर नाहीच.

आता सर्टिफिकेट. मुदत संपायच्या आत काउन्सिलकडे अर्ज टाका. वेळेत टाकलात तर निर्णय होईपर्यंत जुनं सर्टिफिकेट चालू राहतं, त्यामुळे तारीख चुकवणं हा सगळ्यात महागडा आळस. शुल्क ३१६ डॉलर २५ सेंट. अर्जाची प्रत पोलिसांकडे आणि लायसन्सिंग इन्स्पेक्टरकडे जाते. मागच्या वेळेनंतर तुमच्यावर कुठला गुन्हा सिद्ध झाला हे तिथे पाहिलंच जातं, म्हणून तो रकाना रिकामा ठेवायचा विचारही नको. माझ्या ओळखीच्या एकाने ठेवला. गुन्हा फार मोठा नव्हता, पण खोटं बोलणारा माणूस मॅनेजर कसा, या प्रश्नावर तो अडकला.

किती काळ गेला की विचार होतो? कायद्यात आकडा नाही. १९९५ च्या एका निकालापासून चालत आलेला मापदंड आहे: एकटादुकटा ड्रिंक-ड्रायव्हिंगचा गुन्हा असेल तर शिक्षेपासून साधारण दोन वर्षं, गंभीर गुन्हा असेल किंवा दारूची भानगड वारंवार दिसत असेल तर पाच. नवीन अर्ज करणाऱ्याला हा जास्त बोचतो. नूतनीकरणाला मात्र तुम्ही आजवर बार कसा चालवलात हेही तोलतात. म्हणून कोणाचं प्रकरण पुढे ढकललं जातं, कोणाला तीनऐवजी कमी मुदतीचं मिळतं. पोलिसांनी हरकत घेतली की लायसन्सिंग कमिटीपुढे सुनावणी.

मी अर्जासोबत एक पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात "दुर्दैवाने" हा शब्द तीनदा होता. बायकोने वाचून विचारलं, "दुर्दैव कसलं? पाऊस पडला का अंगावर?" तीनही खोडले. मग उरलं ते छोटं होतं: किती प्यायलो, कुठे, कधी धरलो, आकडा किती, दंड कधी भरला, आता घरी कसा जातो. सोबत मालकाचं पत्र, दारूच्या समुपदेशनाच्या सत्रांचा दाखला आणि बारच्या नोंदवहीची पानं, ज्यात कोणाला दारू नाकारली आणि कोणाला टॅक्सी बोलावून दिली ते माझ्याच अक्षरात होतं. इन्स्पेक्टरला ही पानं माझ्या पत्रापेक्षा जास्त आवडली असावीत. नोंदवही नसेल तर आजपासून ठेवा. उद्या कोणाला धरलंच तर कामाला येईल म्हणून नाही, बार नीट चालवायला ती लागतेच.

सुनावणीच्या खोलीत टेबलापलीकडे तिघे, एका बाजूला पोलीस आणि इन्स्पेक्टर. अर्ध्या तासात मला एकच प्रश्न खरा वाटला. अध्यक्षबाईंनी विचारलं, "झिंगलेला गिऱ्हाईक हातात किल्ली घेऊन निघाला, तर तुम्ही काय करता?" मी सवयीने बोलायला लागलो: किल्ली मागतो, पाणी देतो, टॅक्सी बोलावतो... आणि मध्येच थांबलो. त्याही थांबल्या. मग मी म्हणालो की त्या रात्री माझी किल्ली मागणारं कोणी नव्हतं, ते काम माझंच होतं. एका वर्षाचं नूतनीकरण मिळालं.

निर्णय विरोधात गेला तर वरच्या प्राधिकरणाकडे अपील करता येतं. मुदत दहा कामाच्या दिवसांची, तेव्हा पत्र हाती पडलं की तारीख लगेच लिहून ठेवा.

व्हिसावाल्यांसाठी शेवटचं. रेसिडेन्सीच्या अर्जात मागच्या पाच वर्षांतली दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा असेल तर चारित्र्याच्या अटीतून सूट मागावी लागते. ती आपोआप मिळत नाही. तिथे मंडळातल्या काकांचा सल्ला घेऊ नका, माझाही नको. परवाना असलेला इमिग्रेशन सल्लागार किंवा वकील गाठा, आणि कोर्टात गुन्हा कबूल करण्याआधीच गाठा. नंतर तो बिचारा फक्त कागद चाळत बसतो.