मेलेलं ठेवता, जिवंत टाकता: खाऱ्या टाकीतल्या चुका

बेळगावात खाऱ्या पाण्याची टाकी, म्हणजे समुद्री जीवांचं मत्स्यालय, सांभाळणारे मोजकेच, पण चूक बहुतेकांची एकच. जिवंत प्रवाळ फेकून देतात आणि मरत असलेला स्पंज (हाही समुद्रातला जीवच) कौतुकानं ठेवतात.

लेदर कोरल या मऊ, चामड्यासारख्या प्रवाळाचंच बघा. अचानक चार-आठ दिवस मिटून बसतं, अंगावर मेणचट पापुद्रा धरतं. पहिल्यांदा मीही ‘गेलं हे’ म्हणून बादलीत काढलं होतं. खरं तर ते कात टाकत असतं! हात लावू नका. पंपाचा झोत थोडा त्याच्याकडे वळवा, पापुद्रा आपोआप वाहून जातो. कुजका वास आला, मांस गळायला लागलं, तरच बाहेर काढा.

स्पंजचं नेमकं उलटं. मेला तरी रंग काही दिवस तसाच राहतो. पिशवीतून हातानं उचलून टाकीत सोडलात, तिथंच घात होतो. त्याच्या अंगभर बारीक नळ्या असतात. त्यात हवा अडकली की तो आतून कुजतो. म्हणून पाण्यानं भरलेल्या मगात, बुडालेलाच हलवायचा. पांढरट चट्टा दिसला तर तेवढा भाग ब्लेडनं कापा, नाहीतर अमोनिया वाढून शेजारचे प्रवाळही जातील. नारिंगी-लाल स्पंजांना बहुधा उजेड लागत नाही. ते पाण्यातले जिवाणू आणि बारीक कण गाळून खातात. नव्याकोऱ्या, स्वच्छ टाकीत ते उपाशीच मरतात की! टाकी जुनी होईतो दम धरा.

बोअरचं पाणी थेट नको, आरओचंच घ्या. मीठ सागरी टाकीचंच, स्वयंपाकाचं नाही. चोर्ला घाट उतरून गोव्याहून समुद्राचं पाणी कॅन भरून आणणारेही आहेत, पण पावसाळ्यात नद्यांच्या पाण्यानं किनाऱ्याचा खारेपणा उतरतो. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास हवं. एप्रिल-मेमध्ये टाकीवर पंखा लावला की पाणी भराभर आटतं, मीठ मात्र खालीच राहतं. तेव्हा भर गोड्या पाण्याची घाला.

खानापूरकडं पावसात लाइट गेली की बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या. माशांचं तांब्याचं औषध या टाकीत कधीच नको.

आणि मालवण-कारवारच्या खडकांवरून काही उचलून आणू नका. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे (पंख्यासारखे पसरलेले प्रवाळ) यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. दुकानदाराकडंही आधी कागद मागा.