डी-७६चे नवे पाकीट कालवताना

कोडॅक डी-७६ या कृष्णधवल फिल्मच्या डेव्हलपरचे (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे) १ लिटरचे पाकीट फोडले की सगळे एकदम कालवायचे. अर्धी पावडर मागे ठेवण्याची काटकसर अंगाशी येते. पाकिटात घटक सारखे मिसळलेले राहत नाहीत, त्यामुळे अर्ध्यात मेटॉल (चित्र उमटवणारा मुख्य घटक) किती आले हे कळतच नाही.

सुमारे ८०० मिली पाणी ५० ते ५५ अंशांवर आणा. हातमोजे घालून पावडर हळूहळू सोडत ढवळा, पण घुसळू नका: हवा मिसळली की डेव्हलपर लवकर निकामी होतो. नितळ झाल्यावर गार पाण्याने १ लिटर करा आणि २५० मिलीच्या चार बाटल्या काठोकाठ भरा. भरलेली बाटली ६ महिने टिकते, अर्धवट भरलेली जेमतेम २.

ट्राय-एक्स ४०० या कृष्णधवल फिल्मसाठी १:१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), २० अंश, पावणेदहा मिनिटे. मग वापरलेले मिश्रण ओतून द्या. मे महिन्यात नळाचे पाणीच कोमट असते, तेव्हा बर्फ बाहेरच्या घमेल्यात टाका, डेव्हलपरमध्ये नव्हे.

बाटली जुनी वाटली तर फिल्मच्या टोकाचा तुकडा उजेडातच तीत बुडवा. काही मिनिटांत काळाकुट्ट झाला नाही, तर त्यात रोल घालू नका.