क्लाइंबिंगची स्पर्धा घेताय? या चुका टाळा

स्पर्धा कशी झाली हे पहिल्या आलेल्या मुलाला विचारू नये, त्याला छानच वाटणार. तेराव्या आलेल्याला विचारावं. पुण्यात मी कधी रूट सेटर (भिंतीवर होल्ड, म्हणजे पकडी, बसवून चढायचा मार्ग लावणारा), कधी पंच, तर कधी नुसता दोर ओढणारा म्हणून बऱ्याच स्पर्धांना उभा राहिलोय, आणि तेराव्याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: "सकाळी सातला आलो, सहा मिनिटं चढलो, संध्याकाळी पाचला सर्टिफिकेट मिळालं." पोरगं चढायला आलं होतं आणि दिवसभर सतरंजीवर बसून घरी गेलं.

गणित न मांडता नावं घेणं

लीडच्या, म्हणजे दोर लावून उंच चढायच्या, रूटला सहा मिनिटं देतात. मुलाला खाली उतरवणं, दोर ओढून घेणं, पुढच्याची गाठ आणि हार्नेस तपासणं धरलं की माणशी आठ मिनिटं झाली. चाळीस मुलं म्हणजे ३२० मिनिटं. सव्वापाच तासांच्या वर, आणि हा झाला एकच रूट. पात्रता फेरीत सहसा दोन असतात. ते शेजारीशेजारी एकाच वेळी चालवायचे तर बिले देणारे (खालून दोर सांभाळणारे) दुप्पट, पंच दुप्पट. हे माहीत असूनही आदल्या रात्री फोन येतो, "सर, आमची अजून चार मुलं घ्या ना," आणि आपण भिडेखातर घेतो. ती चार मुलं म्हणजे एका रूटवर अर्धा तास.

बोल्डरिंगमध्ये भिंत बुटकी, दोर नाही, खाली मॅट, आणि छोट्या रूटला प्रॉब्लेम म्हणतात. तिथे पाच मिनिटं चढायचं, पाच मिनिटं बसायचं, अशा फिरत्या पद्धतीने चाळीस जणांना पाच प्रॉब्लेम द्यायला चार तास लागतात. तरी लीडपेक्षा बरं, कारण प्रत्येकाला पाच वेगवेगळ्या गोष्टी करायला मिळतात. पण क्लबच्या पातळीवर मला विचाराल तर पात्रता फेरी सरळ जॅम पद्धतीने घ्या. भिंतीवर वीस-पंचवीस प्रॉब्लेम, हातात स्कोअरकार्ड, अडीच तास, सगळे एकदम. जुन्या मंडळींना ती जत्रा वाटते. वाटू दे. तेराव्या नंबरचा मुलगा त्या जत्रेत चाळीस वेळा भिंतीवर जातो, आणि न जमलेला प्रॉब्लेम दुसऱ्या क्लबच्या मुलाने कसा सोडवला हे शेजारी उभा राहून बघतो.

उद्घाटन आधी, चढाई नंतर

एका स्पर्धेत फायनल सकाळी साडेनऊला होती. पाहुणे पावणेअकराला आले. मग दीपप्रज्वलन, नारळ, शाल-श्रीफळ, दोन भाषणं. मुलं तोवर आयसोलेशनमध्ये, म्हणजे पाळी येईपर्यंत रूट आणि इतरांची चढाई दिसू नये म्हणून वेगळी बसवलेली. तिथे मोबाइल काढून घेतलेला असतो, भिंत दिसत नाही, बाहेर काय चाललंय कळत नाही. वॉर्मअप केलेलं अंग दोनदा थंड झालेलं. महिना मे, भिंत उघड्यावर. पहिली मुलगी बाहेर आली तेव्हा ऊन थेट भिंतीवर होतं. तिने सुरुवातीचा होल्ड धरला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. घामाने बोटं ओली, त्यावर पकड घट्ट राहावी म्हणून लावलेल्या चॉक पावडरीचा चिखल.

उपाय सोपा आहे, फक्त आधी बोलावं लागतं. उद्घाटन पात्रता फेरी संपल्यावर, फायनलची मुलं आयसोलेशनमध्ये जाण्याआधी ठेवा. पाहुण्यांनाही मग रिकामी भिंत बघत भाषण करावं लागत नाही. आणि शक्य असेल तर उघड्या भिंतीवरची स्पर्धा डिसेंबर-जानेवारीत घ्या. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका.

आयसोलेशनमध्ये पाणी, पंखा आणि स्वतंत्र टॉयलेट हवं. शेवटची गोष्ट हमखास विसरतात, मग एक स्वयंसेवक दिवसभर मुलांना डोळे झाकायला लावून भिंतीसमोरून नेतो-आणतो.

उंचीची स्पर्धा

ही चूक माझी. मी पाच फूट नऊ इंच. अंडर-१२चा रूट लावला, स्वतः चढून बघितला, मस्त वाटला. मधे एक लांब हात होता, म्हणजे पुढचा होल्ड बराच दूर होता, पण मला तो लांब वाटलाच नाही. दुसऱ्या दिवशी दोन उंच मुलं तिथून पुढे गेली आणि बाकीची सगळी ओळीने त्याच होल्डला झेपावून पडली. लीडमध्ये जिथवर पोहोचलात त्या होल्डचा क्रमांक हाच गुण, आणि पुढच्या होल्डकडे झेप घेतली असेल तर त्याला अधिकचं चिन्ह लागतं. माझ्या गुणतक्त्यावर त्या दोघांच्या खाली ओळीने १२+, १२+, १२+. बरोबरी सोडवायला पात्रता फेरीचा निकाल बघावा लागला, म्हणजे फायनल झालीच नाही असं समजा. एका आईने शांतपणे विचारलं, "सर, ही उंचीची स्पर्धा होती का?" उत्तर नव्हतं.

तेव्हापासून लहान गटाचा रूट मी बुटक्या माणसाकडून चढवून घेतो. त्या गटात नाव नसलेला, तोंड बंद ठेवणारा मुलगा मिळाला तर त्याहून उत्तम. लांब हाताच्या खाली एक जास्तीचा बारीक फुटहोल्ड लावला की उंच मुलाला त्याचा उपयोग होत नाही आणि लहानाची वाट उघडते.

दुसरं, आमची पिढी सिंहगड, तैलबैला, नागफणीच्या बेसॉल्टवर वाढलेली. रूट कठीण करा म्हटलं की आम्हाला बारीक क्रिम्पच, म्हणजे बोटांच्या टोकांनी धरायची पकडच, सुचते. वाढीच्या वयात बोटांच्या हाडांची टोकं कच्ची असतात आणि क्रिम्पवरचा सततचा जोर तिथेच दुखापत करतो. मुलांचा रूट कठीण करायचा तर तोल, पाय आणि विचार यांनी करा.

फिरणारा होल्ड

चढताना होल्ड फिरला तर ती तांत्रिक चूक ठरते, स्पर्धकाला पुन्हा संधी द्यावी लागते आणि वेळापत्रक कोलमडतं. आदल्या रात्री घट्ट केलेला प्रत्येक बोल्ट सकाळी पुन्हा तपासा. आठ मिलिमीटरची ॲलन की खिशात ठेवा, पेटीत नको. मॅटच्या फटी झाका. दर चार-पाच मुलांनंतर होल्ड ब्रशने साफ करा, नाहीतर विसाव्या मुलाला पहिल्यापेक्षा वेगळाच रूट चढावा लागतो.

नियम त्याच दिवशी ठरवणं

सुरुवात चारही हातापायांनी कुठून, झोन (मधला गुणांचा होल्ड) कधी धरला म्हणायचा, टॉपवर (शेवटच्या होल्डवर) दोन्ही हात किती स्थिर हवेत, हे सगळ्या पंचांनी सकाळी एकत्र, भिंतीसमोर उभं राहून ठरवावं. नाहीतर एका पंचाकडे मिळालेला टॉप दुसरा नाकारतो आणि पुढचा तास पालकांबरोबर वादात जातो. वर्ल्ड कपला २०२५पासून बोल्डरिंगचे गुण सोपे झालेत: टॉपला २५, नुसत्या झोनला १०, आणि प्रत्येक फुकट गेलेल्या प्रयत्नाला ०.१ वजा. तिसऱ्या प्रयत्नात टॉप म्हणजे २४.८. हे माइकवरून दोन वाक्यांत सांगता येतं. ते सांगायला भिंतीकडे बघून बोलणारा एक निवेदक ठेवा, प्रायोजकांची नावं वाचणारा नव्हे. कबड्डीला आरडाओरडा करणारी आपली माणसं इथे गप्प बसतात, कारण कशावर ओरडायचं ते कळत नाही.

पालकांचं एकच. "डावा पाय वर घे!" हे खालून दिसतं तसं वर नसतं. मुलाचं नाव घेऊन ओरडा, पायाचं नको.

भिंत लगेच उतरवणं

बक्षीस समारंभ चालू असतानाच आम्ही होल्ड काढायला घ्यायचो, कारण टेम्पो थांबलेला. गेल्या वेळी टेम्पोवाल्याला तासभर उशिरा बोलावलं आणि फायनलचे चारही प्रॉब्लेम सगळ्यांना मोकळे सोडले. पात्रता फेरीतच बाहेर गेलेली एक मुलगी तिसऱ्या प्रॉब्लेमला चिकटून बसली. खाली दुसरी आलेली तिला हाताने हालचाल दाखवत होती, बक्षिसाचा कप मॅटवर आडवा पडलेला. वॉचमन दिवे घालवायला आला, तर त्याला म्हणाली, "काका, एकच शेवटचा ट्राय." असे तिने सात घेतले.