सोसायटीच्या सभागृहात ‘माय पॅल ट्रिगर’ दाखवताना

ठाण्यात गडकरी रंगायतनात संगीत नाटकांना आवर्जून जाणाऱ्या पिढीला गाणाऱ्या काउबॉयचे, म्हणजे अमेरिकेतील घोडेस्वार गुराख्याचे, चित्रपट परके वाटण्याचे कारण नाही. तिथेही नायकच गायक असतो, आणि प्रेक्षक कथेइतकेच ओळखीच्या नटसंचासाठी येतात. म्हणून घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या सोसायटीत ज्येष्ठांसाठी असा चित्रपट लावायचा असेल, तर नटसंचाची आगाऊ ओळख करून देणे हीच मुख्य तयारी समजावी. आरंभ रिपब्लिक पिक्चर्स या अमेरिकी चित्रपटसंस्थेच्या 1946 मधील ‘माय पॅल ट्रिगर’ने करावा, कारण त्यात अशा चित्रपटांतली ओळखीची नटमंडळी एकत्र भेटतात.

प्रत निवडताना प्रथम लांबी पाहावी. मूळ चित्रपट सुमारे 79 मिनिटांचा आहे. पुढे दूरचित्रवाणीच्या एका तासाच्या वेळेत बसावेत म्हणून रिपब्लिकचे असे अनेक चित्रपट साधारण 54 मिनिटांपर्यंत कापले गेले. तशी कापलेली प्रत घेऊ नये.

नटसंचाविषयी अर्ध्या पानाचे मराठी टिपण आधीच वाटावे. नायक रॉय रॉजर्स याचे मूळ नाव लेनर्ड स्लाय. ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’ या गायकवृंदाच्या संस्थापकांपैकी तो एक होता, आणि या चित्रपटात बॉब नोलन व तोच वृंद त्याच्या साथीला आहे. नायिका डेल एव्हान्स हिने पुढे 1947 च्या अखेरीस रॉयशी विवाह केला. जॉर्ज ‘गॅबी’ हेज यांच्याकडे मात्र विशेष लक्ष वेधावे. दाढीवाल्या, बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्याची त्यांची भूमिका ठरून गेलेली होती, आणि त्यासाठी ते कवळी काढून ठेवत. परंतु येथे ते नायिकेचे वडील आणि एका उमद्या घोड्याचे अभिमानी मालक आहेत, त्यामुळे हसवणाऱ्या नटाच्या अंगचा गंभीर अभिनय पाहायला मिळतो. माझ्या मते चित्रपटाचे खरे बळ त्यांच्यातच आहे. खलनायक जॅक होल्ट यांनी रंगवला आहे. ट्रिगर या घोड्याचे नावही श्रेयनामावलीत येते, तेव्हा ती नावे घाईने पुढे सरकवू नयेत.

कथेचा एवढाच धागा सांगावा: रॉयला आपल्या घोडीसाठी गॅबींचा घोडा हवा असतो, गॅबी नकार देतात, पुढे तो घोडा गोळी लागून मरतो आणि आळ रॉयवर येतो. ट्रिगरचा जन्म कसा होतो, हे पडद्यावरच कळू द्यावे. घोड्याच्या मृत्यूचा प्रसंग लहान मुलांना लागू शकतो, म्हणून नातवंडांना सोबत आणणाऱ्यांना आधी कल्पना द्यावी.

गॅबींचे उच्चार आपल्या कानांना अवघड जातात, त्यामुळे उपशीर्षके असलेली प्रत मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास ध्वनिक्षेपक प्रेक्षकांच्या जवळ ठेवावा आणि रस्त्याकडील खिडक्या लावून घ्याव्यात. गाणी सुरू असताना कोणीही मध्ये समजावून सांगू नये. खुलासा करायचाच असेल तर गाणे संपल्यावर चित्रपट थांबवून करावा.

मंडळींना गोडी लागली, तर पुढच्या वेळी रॉय आणि डेल प्रथमच एकत्र आलेला 1944 चा ‘काउबॉय अँड द सेन्योरिटा’ लावावा, आणि त्यानंतर या परंपरेच्या आरंभाकडे, म्हणजे गायक-नट जीन ऑट्रीच्या 1935 मधील ‘टंबलिंग टंबलवीड्स’कडे वळावे.