ओलिताच्या दिवसात मोटर जळते ती या चुकांमुळं, या टाळा

हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं की रिवाइंडिंगच्या दुकानापुढं मोटरींची रांग लागते आणि जो तो म्हणतो लाईनच खराब आहे. लाईन खराब असते हे खरंच, पण पुष्कळ मोटरी स्टार्टरमधल्या जुगाडानं जळतात, आणि जुगाड होतं कारण व्होल्टेज (वीज ढकलणारा दाब) अन् करंट (तारेतून वाहणारी वीज) यातला फरक आपल्याला कोणी नीट सांगितलेलाच नसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "व्होल्टेज कमी आहे ना, मग मोटरला त्रासही कमी, चालू दे". उलटं आहे भाऊ. मोटरच्या आत तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन जिवंत तारा, मिळून एक फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करतात, ५० हर्ट्झवर दोन पोलच्या मोटरीत मिनिटाला ३००० फेरे, अन् रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, त्याच्या थोडा मागं राहून धावतो. ४१५ व्होल्टच्या जागी ३३० च आले तर ओढायची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं घटते, म्हणजे ६४ टक्क्यांच्या आसपास राहते, पण विहिरीतलं पाणी तर तेवढंच वर आणायचं आहे, मग रोटर आणखी मागं पडतो आणि वाइंडिंग, म्हणजे मोटरमधल्या तारेचं वेटोळं, जास्त करंट ओढते. करंट सव्वापट झाला की उष्णता दीडपटीच्या वर जाते. वार्निश जळल्याचा वास येतो तो यानंच.

आता स्टार्टर. त्यात नो-व्होल्ट कॉइल असते, तो एक विद्युतचुंबकच आहे, हिरवं बटण दाबल्यावर तोच वीज जोडणाऱ्या पट्ट्या धरून ठेवतो, व्होल्टेज फार पडलं की त्याची पकड सुटते अन् मोटर बंद होते. हे बंद पडणं म्हणजे मोटरचा जीव वाचणं आहे. तरी लोकं बटणात काडी खुपसतात, सुतळीनं बांधतात, ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग) डायरेक्ट करून टाकतात, म्हणजे त्याला वगळून वायर जोडतात. असं कधीच करू नका. डीओएल (मोटर थेट लाईनवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरचा रिले मोटरच्या नेमप्लेटवर लिहिलेल्या अँपिअरवर ठेवा, ट्रिप होतो म्हणून पुढं सरकवू नका, का ट्रिप होतो ते शोधा.

एक फेज गेला तर उभी मोटर सुरूच होत नाही, नुसती घुं करते, पण चालती मोटर चालतच राहते आणि उरलेल्या दोन तारांवर करंट १.७ पटीच्या आसपास जातो. इथं टेस्टर फसवतो. मोटर फिरत असताना गेलेल्या फेजवर मोटरच व्होल्टेज तयार करते, म्हणून तिन्हीवर दिवा लागतो आणि माणूस म्हणतो सगळं बरोबर आहे! मोटर बंद करून मगच तपासायचं, किंवा सरळ सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, बसवून घ्या, रिवाइंडिंगपेक्षा स्वस्त पडतो.

टोंग टेस्टरनं (वायरीभोवती जबडा लावून करंट मोजायच्या मीटरनं) करंट पाहताना तिन्ही वायरी एकदम जबड्यात घालू नका, तिघींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात अन् आकडा शून्याजवळ येतो. एकेक वायर पाहा. तिन्ही आकडे जवळपास सारखे पाहिजेत, एक जरी फार वेगळा आला तर मोटर थांबवा.

आणि वावरात बल्ब लावायला जमिनीत सळई ठोकून तिचाच न्यूट्रल (वीज परत जायची तार) करणं, हे तर आजच बंद करा. माती कोरडी असली की सळईपाशी बरंच व्होल्टेज उभं राहतं. बैलाच्या पुढच्या अन् मागच्या पायात अंतर जास्त म्हणून त्या दोन जागांच्या व्होल्टेजमधला फरकही जास्त, आणि करंट छातीतून जातो, माणूस वाचतो तिथं जनावर मरतं. न्यूट्रल डीपीवरचाच (ट्रान्सफॉर्मरवरचाच) पाहिजे, तोही लाईनमनकडूनच जोडून घ्या. अर्थिंगची वायर फक्त मोटरच्या अन् स्टार्टरच्या बॉडीला, आणि उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतत जा.