डिंगबोचेतल्या दोन रात्री

नेपाळमधल्या एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरच्या डिंगबोचे गावात पोहोचलात की पहिला तासभर काहीही करू नका. सॅक खोलीत टाका, घामाचा टी-शर्ट बदला, कानटोपी चढवा आणि लॉजच्या डायनिंग हॉलमध्ये गरम लिंबूपाणी घेऊन बसा. तुम्ही ४,४१० मीटरवर आहात. आपलं कळसूबाई १,६४६. इथे एका श्वासात समुद्रकाठच्या जेमतेम साठ टक्के प्राणवायू मिळतो.

हे ठासून सांगते, कारण सह्याद्रीत फिरणाऱ्यांना भराभर चढायची सवय असते. पहिल्या खेपेला मी सगळ्यांच्या आधी इथे पोहोचले. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, पण मी कुणाला बोलले नाही. पहाटे उलट्या सुरू झाल्या. गाइड मला पांगबोचेला खाली घेऊन गेला. तिथे दुपारपर्यंत बरं वाटलं, पण बेस कॅम्प राहिला तो राहिलाच. म्हणून सांगते, डोकं दुखलं की त्याच मिनिटाला गाइडला सांगा.

विरळ हवेची सवय व्हायला इथे दोन रात्री राहायचंच. मात्र दुसऱ्या दिवशी लोळत पडू नका. सकाळी नाश्ता करून गावामागच्या नांगकारत्सांगच्या चढाला लागा. चालता चालता एक अख्खं वाक्य बोलता यावं, एवढाच वेग ठेवा. नेपाळी गाइड दर वळणाला 'बिस्तारै, बिस्तारै', म्हणजे हळूहळू, म्हणतो, ते मनावर घ्या. माथा ५,०८३ मीटरवर आहे. तो गाठलाच पाहिजे असं नाही, तीन-चारशे मीटर चढलात तरी पुरे. अमा दब्लमचा सुळका समोर उभा असतो. तिथे थोडा वेळ बसा आणि जेवायच्या वेळेला खाली या. उंचावर जाऊन आल्यावर खाली झोपायचं, हेच त्या दिवसाचं काम.

धारेपलीकडे पेरिचे गावात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, १९७३ पासूनचा. हंगामात तिथले डॉक्टर दुपारी तीनला उंचीच्या आजारावर बोलतात. अंगात त्राण असेल तर जाच.

भूक मरते, तरी जेवायचंच. डाळभात पुन्हा वाढतात. दगडी गडग्यांच्या शेतांत बटाटा पिकतो, त्याचा रिकीकुर नावाचा जाड पोळा मिळतो, तो लोण्याबरोबर खा. मटण-चिकन नको. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या या भागात, प्राणी मारत नाहीत, मांस खालून कित्येक दिवस पाठीवरून येतं. मी मेतकूट आणि लिंबाचं लोणचं नेते. काही जात नसलं तरी मेतकूट-भात जातो.

रात्री याकच्या शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी पेटते, तीही फक्त हॉलमध्ये. खोली गारठलेली असते. बाटलीत उकळतं पाणी भरून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्या, सकाळी तेच प्यायला होतं. फोन, बॅटऱ्याही आतच ठेवा. झोपेत श्वास अडकल्यासारखं होऊन जाग येते. या उंचीवर बहुतेकांना होतं, घाबरू नका. झोपेची गोळी आणि दारू मात्र अजिबात नको. डायमॉक्स या उंचीच्या आजारावरच्या गोळीचं घरून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

तिसऱ्या सकाळी अंगणात टाचेला अंगठा लावत दहा पावलं सरळ रेषेत चाला. डोकं दुखत असेल, तर तिसरी रात्र इथेच काढा. तोल जात असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर थांबू नका, रात्री असं झालं तरी उजाडायची वाट पाहू नका. कुणाला तरी सोबत घेऊन तडक खाली उतरा. सगळं ठीक असेल तर बाटल्या भरा आणि पुढच्या थुकला गावाच्या वाटेला लागा.