सिंथेटिक बायोलॉजी प्रकल्पाचे आभार मानताना या चुका टाळा

सिंथेटिक बायोलॉजीचा, म्हणजे जनुकांत ठरवून बदल करून जिवाणूंकडून नवं काम करून घेण्याचा, प्रकल्प संपत आला की आभाराचं काम शेवटच्या रात्रीवर ढकललं जातं आणि मग ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे मनःपूर्वक आभार’ एवढीच ओळ उरते. 2004 मध्ये पाच संघांनिशी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात सुरू झालेल्या आयजेम या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय सिंथेटिक बायोलॉजी स्पर्धेत ही ओळ चालत नाही. कोणतं काम संघाचं आणि कोणतं दुसऱ्याचं हे लिहून दिल्याशिवाय तिथे कांस्यपदकही मिळत नाही. आभार म्हणजे कामाची नोंद, हे धरून चाललात तर पुढच्या बहुतेक चुका होणारच नाहीत.

‘मार्गदर्शन लाभले’

यातून काहीच कळत नाही. प्रायमर (डीएनएच्या प्रती काढायला लागणारे छोटे तुकडे) कोणी डिझाइन केले? 42 अंशांचा हीट शॉक द्यायला कोणी शिकवलं आणि प्रत्यक्ष ट्रान्सफॉर्मेशन (जिवाणूत बाहेरचा डीएनए घालणं) कोणी केलं? सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) पैसे मोजून बाहेरून करून घेतलं असेल तर तसंच लिहा. पहिल्या दिवसापासून एक रजिस्टर ठेवा. त्यात तारीख, नाव (ती व्यक्ती स्वतः लिहिते तसं), केलेलं काम किंवा दिलेली वस्तू, किती, आणि नाव छापायला होकार की नकार, एवढे रकाने पुरेत.

या रजिस्टरमुळे सहसा गळणारी माणसंही सापडतात. कॉम्पिटंट पेशी (बाहेरचा डीएनए आत घ्यायला तयार केलेले जिवाणू) उणे 80 अंशांत राहतात आणि वापरताना बर्फावरच वितळवाव्या लागतात. मध्येच गरम झाल्या तर प्लेटवर वसाहतीच उगवत नाहीत. तालुक्याच्या कॉलेजात बर्फाचं मशीन नसतं. म्हणजे बर्फाची लादी देणारा कारखानदार आणि वीज गेल्यावर डीप फ्रीझर जनरेटरवर टाकणारे शिपाई काका, दोघांचाही प्रयोगात थेट वाटा आहे. त्यांचं नाव कामासकट यायला हवं.

जनुकांचा पत्ता विसरणं

प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं) अ‍ॅडजीन या प्लाझ्मिड पुरवणाऱ्या संस्थेकडून आलं असेल तर ते जमा करणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव, प्लाझ्मिड क्रमांक आणि मूळ शोधनिबंध, तिन्ही द्या. जिवाणू चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहांतून घेतला असेल तर स्ट्रेन (वाण) क्रमांक लिहा. नुसतं ‘ई. कोलाय’ लिहून भागत नाही. तेवढ्यावर कोणाला प्रयोग पुन्हा करून पाहता येणार नाही.

शेतकऱ्याचं नाव न विचारता छापणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. समजा, वावरातली माती घेतली आणि तणनाशक पचवणारे जिवाणू शोधले. आभाराच्या पानावर नाव, गाव, गट नंबर आणि ‘कपाशीत ग्लायफोसेटचा वारंवार वापर’ हे एकत्र छापलंत, तर वाचणाऱ्याला एचटीबीटीचा, म्हणजे तणनाशक सोसणाऱ्या बीटी कपाशीचा, संशय येणारच. त्या बियाण्याला मंजुरी नसताना विदर्भात त्याची लागवड झालेली आहे. तुम्ही आभार मानले, पण त्या शेतकरी भाऊंच्या दारात चौकशी उभी केली. म्हणून नमुन्यांना ‘अ-1’, ‘अ-2’ असे संकेत द्या आणि नावांची यादी वेगळी ठेवा. संमती मराठीत, वाचून दाखवून घ्या. फोटोची संमती निराळी घ्या. ‘नाव नको’ म्हणणाऱ्यांसाठी ‘यवतमाळ जिल्ह्यातील एक कापूस उत्पादक’ एवढं पुरतं.

चमकणारी प्लेट भेट देणं

जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनामुळे उजळणारी जिवाणूंची प्लेट सरपंचांना किंवा गावातल्या शाळेला आठवण म्हणून द्यावीशी वाटते. देऊ नका. ते जनुकीय बदल केलेले जिवंत जिवाणू आहेत. अशा जिवांसाठीच्या 1989 च्या नियमांखाली येतात आणि संस्थेच्या बायोसेफ्टी समितीने ठरवून दिलेल्या प्रयोगशाळेबाहेर जाता कामा नयेत. त्यांच्यात बहुधा प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुकही असतं. टेपने सील केलेली प्लेटही उन्हाळ्यात मोटरसायकलच्या डिकीत घाम सोडते आणि गळते. निळ्या उजेडात प्लेटचा चांगला फोटो काढा, फ्रेम करा, खाली त्या व्यक्तीने केलेलं काम लिहा. प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) 121 अंश, 15 पौंड दाबावर 30 मिनिटं ठेवूनच टाका. पिशवी गच्च भरली किंवा घट्ट बांधली तर वाफ आत शिरत नाही आणि मधले जिवाणू जिवंत राहतात.

‘पुढच्या हंगामात तुमच्या शेतात’

आभाराच्या भाषणात हे वाक्य हमखास निसटतं. प्रयोगशाळेपासून शेतापर्यंत आरसीजीएम आणि जीईएसी या जनुकीय बदलांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या समित्यांच्या परवानग्या आहेत, आणि विद्यार्थी प्रकल्प तिथवर क्वचितच जातो. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीची बोंडं पोखरलेली पाहिलेल्या लोकांना आणखी एक आश्वासन देऊ नका. काय जमलं, काय जमलं नाही, ते सरळ सांगा.

देणगीदारांचं काम थोडक्यात उरकतं: पावती, खर्चाचा हिशेब, दोन फोटो. देणगीवर आयकर सवलत मिळेल असं कॉलेजच्या कार्यालयाला विचारल्याशिवाय बोलू नका. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाहीच.

भलत्या वेळी सभा

आयजेमचा मेळावा 2022 पासून पॅरिसमध्ये, ऑक्टोबर अखेरीच्या आसपास भरतो. तेव्हा इकडे सोयाबीन निघून कापसाची वेचणी चालू असते. दुपारी आभाराची सभा ठेवली तर खुर्च्या रिकाम्या राहतील. संध्याकाळी दिवेलागणीनंतर घरी जा आणि इंग्रजी प्रमाणपत्राऐवजी मातीचा मराठी अहवाल हातात द्या: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ एका ओळीत. काळ्या मातीत सामू आठच्या वर दिसला तर जस्त आणि लोहाची कमतरता तपासायला सांगा. त्यांच्या प्रतीवर गट नंबर लिहा, तुमच्या जाहीर प्रतीवर फक्त ‘अ-1’.